नावासकट चेहरा

जुने फोटो जमवणाऱ्याला लोक दोन प्रश्न विचारतात. याची किंमत किती, आणि हे कोण? पहिल्याचे उत्तर मुंबईच्या चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात घासाघीस करून मिळते. दुसऱ्याचे तिथे मिळत नाही. ते मिळाले तर कुठल्यातरी घराच्या ओसरीवर, नव्वदीकडे झुकलेल्या एखाद्या आजींकडून मिळते, आणि त्याही ‘आमच्या सासूबाईंचे थोरले दीर असावेत’ इथवर येऊन थांबतात. हे पुस्तक त्या दुसऱ्या प्रश्नासाठी आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी प्लॅटिनम कागदावर छापलेली व्यक्तिचित्रे कशी ओळखावीत, कशी वाचावीत आणि कशी राखावीत, हे त्यात सांगितले आहे. पण त्या सगळ्याच्या तळाशी एकच गोष्ट आहे. प्लॅटिनम माणसाचा चेहरा शंभर-सव्वाशे वर्षे जसाच्या तसा ठेवते. नाव ठेवण्याचे काम घराने करायचे असते, आणि घरे मोडतात, वाटण्या होतात, बंगले विकले जातात.

प्लॅटिनम छापाचा, त्या काळच्या भाषेत ‘प्लॅटिनोटाइप’चा, शोध इंग्लंडमधल्या विल्यम विलिस यांचा. १८७३ साली त्यांनी पहिले पेटंट घेतले आणि १८७९ मध्ये प्लॅटिनोटाइप कंपनी काढली. तोवर फोटो म्हणजे बहुधा अल्ब्युमेन छाप असे. अंड्यातला पांढरा भाग कागदावर पसरायचा, त्याच्या थरात चांदीचे क्षार मुरवायचे आणि निगेटिव्हखाली उन्हात धरायचे. चित्र देखणे येई, पण काही वर्षांत ते पिवळे पडे आणि उजळ भागांतले बारकावे आधी जात. कपाळ, गाल, पांढरे धोतर हळूहळू कागदात विरून जाई. लोकांनी फोटोला ‘टिकत नाही’ म्हणायला सुरुवात केली होती, त्या काळात विलिस यांचा कागद आला.

त्याची रीत वेगळी होती. कागदावर लोहाचा एक क्षार आणि प्लॅटिनमचा एक क्षार मिसळून लावत. निगेटिव्हखाली ऊन लागले की लोहाच्या क्षारात बदल होई आणि पुसट चित्र दिसू लागे. मग तो कागद पोटॅशियम ऑक्झॅलेटच्या द्रावणात बुडवला की बदललेले लोह प्लॅटिनमच्या क्षारातून शुद्ध धातू मोकळा करी आणि स्वतः विरघळून जाई. उरलेले लोह सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने धुऊन काढले की काम संपले. शेवटी कागदावर राहते ते फक्त प्लॅटिनम, आणि तेही वरच्या थरात नाही, कारण थरच नसतो. धातूचे कण कागदाच्या तंतूंतच बसलेले असतात. म्हणून हा छाप चकाकत नाही, आणि काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत करड्याच्या इतक्या छटा देतो की म्हाताऱ्या माणसाच्या हातावरच्या शिरा आणि उपरण्याची चुणी एकाच चित्रात स्वच्छ दिसतात. प्लॅटिनम गंजत नाही, हवेने काळवंडत नाही. चित्राच्या बाजूने पाहिले तर हा फोटो त्याच्या कागदाइतका जगतो.

यात दोन अडचणी होत्या. पहिली पैशाची. हा छाप निगेटिव्हला कागद भिडवूनच निघे, त्यामुळे जेवढी काच तेवढाच फोटो. मोठा हवा तर मोठी निगेटिव्ह करावी लागे. शिवाय धातू महाग, आणि जगाचे बहुतेक प्लॅटिनम तेव्हा रशियाच्या उरल पर्वतातून येई. १९१४ चे महायुद्ध पेटले तसे स्फोटकांसाठी लागणारी आम्ले बनवायला प्लॅटिनम हवे झाले आणि फोटोच्या कागदाचा भाव आकाशाला भिडला. कोडॅकने आपला प्लॅटिनम कागद बंद केला, विलिस यांच्या कंपनीने पॅलेडियमचा पर्याय बाजारात आणला. त्यामुळे या पुस्तकाचा काळ आपोआप ठरतो. ढोबळमानाने १८९० ते १९२० या तीस वर्षांत काढलेले फोटो, आणि त्यातही युद्धापूर्वीचे अधिक.

दुसरी अडचण दमटपणाची, आणि ती मावळात, लोणावळ्याच्या या तालुक्यात, राहणाऱ्याला समजावून सांगावी लागत नाही. हा कागद ओलीला फार हळवा. म्हणून तो पत्र्याच्या बंद नळकांड्यात येई आणि आत ओल शोषणारे कॅल्शियम क्लोराइड ठेवलेले असे. नळकांडे एकदा उघडले की कागद लवकर वापरून टाकावा लागे, नाहीतर काळे मळकट आणि पांढरे धुरकट येई. त्यात छपाई उन्हावर. आषाढ-श्रावणात सह्याद्रीच्या या बाजूला ऊन मिळायचे कुठून? हिंदुस्थानातल्या जुन्या प्लॅटिनम छापांत जे निर्मळ आले आहेत त्यांच्यामागे कोरडे दिवस आणि काटेकोर कारागीर, दोन्ही आहेत हे लक्षात ठेवावे.

हे पुस्तक मावळातल्या फोटोंवर बेतले आहे. आता प्रश्न येतो, यासाठी मावळच का? मुंबईत मोठे स्टुडिओ होते, संस्थानिकांचे दरबार दुसरीकडे होते. लोणावळ्याचा आणि या विषयाचा संबंध काय? संबंध असा की छापील प्रतिमेच्या इतिहासातली काही महत्त्वाची माणसे या घाटमाथ्यावर राहून गेली आहेत, आणि त्याच वेळी इथली हजारो माणसे एकही प्रतिमा मागे न ठेवता गेली आहेत. दोन्ही गोष्टी इतक्या जवळजवळ फार थोड्या ठिकाणी दिसतात.

बोरघाटाचा रेल्वेमार्ग २१ एप्रिल १८६३ रोजी खुला झाला. त्याचे कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल इथे येऊन काही आठवड्यांतच, १८५९ मध्ये वारले, आणि काम त्यांच्या पत्नी अॅलिस ट्रेडवेल यांनी पुढे चालवले. घाटाच्या बांधकामाच्या छायाचित्रांचा अल्बम त्यांच्या नावाशी जोडलेला आहे. पूल, बोगदे, कापलेले कडे त्यात दिसतात. ऐन भरात त्या कामावर चाळीस हजारांहून अधिक मजूर होते. पटकी, ताप, सुरुंग आणि दरडी यांनी त्यातले किती नेले! फोटोत त्यांतले जे आले ते कड्याची उंची कळावी म्हणून उभे केलेले ठिपके आहेत.

माणूस जवळून टिपला गेला तेव्हाही नाव आलेच असे नाही. विल्यम जॉन्सन यांचे मुंबईच्या जातिजमातींवरचे दोन खंड १८६३ आणि १८६६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत स्टुडिओत घेतलेली माणसे वेगळ्या निगेटिव्हवरच्या देखाव्यापुढे जोडलेली आहेत आणि खाली जातीचे नाव आहे. व्यक्तीला नाव नाही. म्हणजे सुरुवातीपासूनच या कलेत दोन वर्ग पडले. एक, फोटो काढून घेणाऱ्यांचा. दुसरा, ज्यांचे फोटो काढले जातात अशांचा. प्लॅटिनम छाप जवळजवळ सगळा पहिल्या वर्गाचा आहे.

शतक बदलताना लोणावळ्याजवळ आणखी काही घडले. राजा रविवर्मा यांचा शिळाप्रेस मुंबईतून प्लेगच्या दिवसांत मळवलीला, कार्ल्याच्या डोंगराखाली आला. जर्मनीहून आणलेल्या दगडांवरून लक्ष्मी-सरस्वतीची रंगीत चित्रे इथे छापली जाऊ लागली. पुढे तो फ्रित्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने विकत घेतला आणि कित्येक दशके चालवला. १९७२ च्या आगीत तो जळाला. त्याच प्रेसच्या कामाच्या आधारावर विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात धुंडिराज गोविंद फाळके लोणावळ्यात आले आणि त्यांनी आपला ठसे कोरण्याचा आणि छपाईचा कारखाना काढला. बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले, गोध्र्याला स्टुडिओ थाटून बसलेले, पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर म्हणून काम केलेले हे गृहस्थ. पुढे १९१३ मध्ये त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ काढला. त्यांचा हात काच, रसायन आणि डार्करूममध्येच घडला होता, हे चित्रपटाच्या झगमगाटात विसरले जाते.

मळवलीच्या छापखान्याने एक गोष्ट साधली. देवाचे चित्र काही आण्यांत देवघरात आले. त्याच दशकात प्लॅटिनम छापाने एका छोट्या वर्गाचे चित्र दिवाणखान्यात लावले. लोणावळा-खंडाळ्याला मुंबईच्या पारशी, भाटिया, बोहरी व्यापाऱ्यांचे बंगले होते. तळेगाव-वडगावकडे इनामदार, वकील, सावकार होते. स्टेशनालगत रेल्वेची वसाहत होती. यातल्या ज्यांना परवडे ते मुंबईच्या कोटात किंवा पुण्याच्या कॅम्पात जाऊन फोटो काढून घेत. ८ फेब्रुवारी १९११ रोजी गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनी लोणावळ्याजवळच्या वळवणच्या धरणाची कोनशिला बसवली. १९१५ मध्ये खोपोलीच्या केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना वीज गेली. प्लॅटिनम कागदाच्या भरभराटीचीच ही वर्षे. धरणाच्या पाण्याखाली ज्यांची भातखाचरे गेली त्यांच्या घरात मात्र त्या पिढीचा फोटो शोधायला जाऊ नये. तिथे मळवलीची लक्ष्मी भिंतीवर असेल, आजोबा नसतील. मावळात जुने फोटो जमवणाऱ्याने ही विषमता आधी पत्करली पाहिजे. आपला संग्रह हा मावळाचा चेहरा नव्हे, मावळातल्या थोड्या घरांचा चेहरा आहे.

आता ओळखण्याबद्दल. व्यापारी ज्याला प्लॅटिनम म्हणून विकतात त्यातला मोठा भाग प्लॅटिनम नसतो. १८९५ नंतर कलोडियनचा मॅट कागद फार चालला. चित्र चांदीचेच, पण आधी सोन्याने आणि मग प्लॅटिनमने टोन केलेले. दिसायला तंतोतंत प्लॅटिनमसारखे आणि किमतीला कमी. ब्रोमाइडच्या काही मॅट कागदांच्या नावातच ‘प्लॅटिनो’ होते, कारण त्या शब्दाला भाव होता. तेव्हा नावावर जाऊ नये, भिंगावर जावे. दहापट किंवा त्याहून मोठे भिंग घेऊन चित्राच्या गडद भागात पाहावे. कागदाचे तंतू उघडे, वर कसलाही थर नाही असे दिसले तर शक्यता चांगली. तंतूंवर पातळ पडदा दिसला तर ते कलोडियन किंवा जिलेटिन. मग फोटो तिरप्या उजेडात धरावा. काळ्या भागांच्या कडेला निळसर चंदेरी चकाकी दिसली तर आत चांदी आहे हे नक्की. प्लॅटिनमला असे कधी होत नाही.

आणखी एक खूण आहे आणि ती अल्बममध्येच सापडते. प्लॅटिनम छापासमोर वर्षानुवर्षे दाबून राहिलेल्या कागदावर त्याच चित्राची फिकट तपकिरी सावली उमटते. प्लॅटिनम स्वतः बदलत नाही, पण शेजारच्या कागदाचे रासायनिकरीत्या जुने होणे वेगवान करते. म्हणून अल्बममधले पातळ कागद निरुपयोगी समजून फेकू नयेत. मूळ फोटो हरवला असला तरी तो प्लॅटिनम होता याचा पुरावा त्या सावलीत असतो. थेंबभर रसायन टाकून पाहण्याचे उपाय कोणी सुचवले तर हात जोडावेत. खात्रीच हवी असेल तर क्ष-किरणांनी मूलद्रव्ये ओळखणारे यंत्र असलेल्या प्रयोगशाळेत जावे. फोटोला ओरखडाही न येता उत्तर मिळते.

ओळख पटली की वाचन सुरू होते, आणि ते पाठीमागून सुरू करावे. पुठ्ठ्यावर स्टुडिओचे नाव दाबून उठवलेले असते. मागे कधी बाळबोधीत, पुष्कळदा मोडीत चार अक्षरे असतात. नाव, नाते, तिथी. तिथीला शके असले की चैत्रापासून डिसेंबरपर्यंत अठ्ठ्याहत्तर आणि जानेवारीपासून फाल्गुनापर्यंत एकोणऐंशी मिळवावे. माघ शके १८३२ म्हणजे १९११ च्या आरंभीचा महिना; वळवणची कोनशिला त्यातच बसली. मोडी वाचता येत नसेल तर अंदाज करू नये, जाणत्याला दाखवावे. मोडीत एका वळणाने आडनाव बदलते आणि मग फोटोतला माणूस कायमचा दुसऱ्या घरात जातो.

पुढच्या बाजूला सगळ्यात मोठा चकवा रंगाचा. त्या काळच्या काचा निळ्या उजेडाला हपापलेल्या आणि लाल उजेडाला आंधळ्या होत्या. निळे लुगडे फोटोत पांढुरके येते, लाल काळे येते, जरीचा पिवळा काठ गडद येतो. कुंकू काळ्या ठिपक्यासारखे दिसते. म्हणून फिकट लुगड्यातल्या बाईकडे पाहून घाईने काही ठरवू नये; ते लुगडे निळे असेल. उलट ब्राह्मण घरांतल्या विधवांचे आलवण लाल, ते फोटोत काळेभोर येणार. एखाद्या घरात ‘काळे नेसलेली आत्या’ म्हणून सांगतात, तिचे आयुष्य त्या काळ्या रंगात किती दडलेले असते हे रसायन माहीत असल्याशिवाय कळत नाही. दागिने वाचताना हाच इशारा लागू: सोने नेहमी उजळ दिसेलच असे नाही. पुरुषांच्या बाबतीत डोक्यावरून बरेच कळते. पुणेरी पगडी, रुमाल, पारशी फेटा, रेल्वेची टोपी यांवरून जात, पेशा आणि कधी कधी दशकही सांगता येते. तरीही स्टुडिओ कपडे, छडी, पुस्तक, खुर्ची भाड्याने देत, हे विसरू नये. हातात इंग्रजी पुस्तक आहे म्हणून माणूस इंग्रजी शिकलेला होता असे होत नाही.

राखण्याबद्दल पुढे एक सबंध प्रकरण आहे, म्हणून इथे फक्त मावळापुरते सांगतो. लोणावळ्याचा पाऊस वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या घरात, तळेगावला येईतो तो पुष्कळ उतरतो. एकाच तालुक्यात एकाच काळच्या दोन फोटोंची प्रकृती म्हणून वेगवेगळी निघते. पश्चिमेकडे बुरशी आणि काचेला चिकटलेली चित्रे, पूर्वेकडे वाळवी आणि कसर. जिलेटिनचा फोटो पावसाळ्यात फुगून काचेला चिकटतो. प्लॅटिनमवर जिलेटिन नसल्याने तो धोका पुष्कळ कमी. पण त्याचा कागद ठिसूळ होतो. धुरातले गंधकाचे वायू आणि कागदातच तयार होणारे आम्ल त्याला आतून पोखरते. घाटात विजेची इंजिने येईपर्यंत स्टेशनालगतच्या घरांनी कोळशाचा धूर आयुष्यभर घेतला होता, चुलीचा तर सगळ्यांनीच. त्यामुळे प्लॅटिनम फोटो हातात घेताना चित्र भक्कम दिसले तरी कोपरा चिमटीत धरू नये. तुटून हातात येतो. दोन्ही तळव्यांवर किंवा जाड पुठ्ठ्यावर घ्यावा. आम्लविरहित कागदाच्या पाकिटात, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवून, बाहेरच्या भिंतीपासून दूर ठेवावा. लॅमिनेशन करू नये, गोंद लावू नये, बॉलपेनने मागे लिहू नये. मऊ शिसपेन पुरते.

शेवटचा मुद्दा जमवण्याच्या नीतीचा, आणि माझ्या मते तोच पहिला. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव दप्तरे शोधत हिंडले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला आणि पुढे बावीस खंड झाले. १९१० मध्ये त्यांनी आणि खंडेराव मेहेंदळे यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. त्या पिढीने इतिहासकाराला एक शिस्त लावली: कागद कुठल्या घरातून मिळाला हे कागदाबरोबर नोंदलेच पाहिजे. फोटोच्या बाबतीत आपण ही शिस्त सोडून दिली आहे. लोणावळ्याचा जुना बंगला विकला जातो, सामान ठोक भावाने उचलले जाते, अल्बम सुटा केला जातो कारण सुटे फोटो जास्त दाम देतात, आणि पाने फाडताना खाली लिहिलेली नावे पानांवरच राहून रद्दीत जातात. बाजारात पोहोचतो तोवर तो ‘एक पारशी गृहस्थ’ किंवा ‘मराठा सरदार, प्लॅटिनम’ झालेला असतो. जॉन्सनने फोटोखाली जात लिहिली तशीच आपणही लिहू लागलो, एवढेच.

म्हणून या पुस्तकाचा आग्रह असा आहे. अल्बम फोडू नये. फोडलेला घेऊ नये. घरातून फोटो मिळत असेल तर आधी नाव, नाते, गाव, फोटो कुणाकडून कुणाकडे आला हे सगळे सांगणाऱ्याच्या शब्दांत लिहून घ्यावे, आणि सांगणाऱ्याला खात्री नसेल तर ‘असावेत’ हा त्याचा शब्दही तसाच ठेवावा. घरच्यांना फोटो ठेवायचा असेल तर तो त्यांनाच ठेवू द्यावा. चांगली प्रत काढून घ्यावी, त्यांना आम्लविरहित पाकीट द्यावे आणि कसे ठेवायचे ते दाखवावे. संग्राहकाकडे वस्तू कमी आणि नोंदी जास्त असल्या तर काही बिघडत नाही. ज्यांचा प्लॅटिनम फोटो कधी निघालाच नाही त्यांच्यासाठीही तीच वही वापरावी. धरणात गेलेल्या गावांची, घाटावर खपलेल्या माणसांची जी नावे अजून कुणाच्या तोंडात आहेत, ती फोटो नसतानाही लिहिण्यासारखी आहेत.

पवन मावळ, नाणे मावळ, आंदर मावळ आणि लोणावळ्याच्या बाजूच्या ज्या घरांनी माळ्यावरच्या ट्रंका उघडल्या, भिंतीवरचे फोटो उतरवून पाठीमागचे कागद वाचू दिले, त्यांचा मी ऋणी आहे. त्यांची नावे त्यांच्या इच्छेनुसार इथे दिलेली नाहीत. ती नोंदवहीत आहेत आणि घरच्यांच्या परवानगीने अभ्यासकाला पाहता येतील. वाचकाला विनंती एवढीच की पुस्तक संपल्यावर बाजारात जाण्याआधी आपल्याच घरातला एक फोटो उतरवावा आणि घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारून त्याच्या मागे शिसपेनने पूर्ण नाव लिहावे. भिंग विकत घेण्याचे काम त्यानंतरचे.